पान्हा सुटेपर्यंत

मुंबईत घाई नसलेला माणूस बघायचा असेल तर रात्री अडीचच्या सुमाराला गोरेगावच्या किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यात जावं. शेवटची लोकल गेलेली असते, पहिलीला अवकाश असतो. रिक्षावाले मागच्या सीटवर पाय मुडपून झोपलेले असतात. तबेल्यात मात्र सगळे दिवे लागलेले. ओल्या शेणाचा, भिजवलेल्या पेंडीचा आणि म्हशींच्या श्वासाचा उबट वास नाकात भरतो. दोन्ही रांगांत काळ्या पाठी चमकत असतात आणि त्यांतल्या एकीच्या आड कुणीतरी उकिडवा बसलेला असतो. गुडघ्यांत बादली, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलेलं, हात कासेवर. बादली अजून कोरडीच असते. तो वाट बघत असतो.

हे वाट बघणं हीच त्याची विद्या. धार काढणं म्हणजे सड धरून पिळणं, असं लांबून वाटतं. म्हशीपाशी बसलं की कळतं, पिळण्याआधीचं काम जास्त अवघड आहे. गाईच्या कासेत तळाशी थोडंफार दूध तयार असतं, हात लावला की येतं. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध वर, कासेतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये अडकलेलं. ते खाली उतरायला तिच्या मेंदूचा हुकूम सुटावा लागतो. पाण्यानं कास धुणारा हात, पारडाची ढुशी, गव्हाणीत पडलेल्या आंबोणाचा वास, ओळखीची हाक, यांतलं काहीतरी तिला पटतं. मग ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, कास ताठरते, सड भरतात. याला दोनेक मिनिटं लागतात, एखादीला त्याहून जास्त. आणि एकदा सुटलेला पान्हा फार टिकत नाही, मोजक्या मिनिटांत कास रिकामी करावी लागते. म्हणजे आधी अजिबात घाई करायची नाही आणि मग अजिबात थांबायचं नाही. मध्येच कुत्रं अंगावर आलं, कुणी परका मागून गेला, मालकानं आवाज चढवला, की म्हैस पान्हा चोरते. मग तासभर बसलात तरी ती दावणीला उभी राहून शांतपणे रवंथ करील आणि तुम्ही रिकाम्या बादलीकडे बघाल.

जोगेश्वरीच्या एका तबेल्यात जौनपूरकडचे एक वयस्क चाचा धारा काढतात. एकदा त्यांना मी विचारलं, एकेका म्हशीपाशी इतका वेळ का जातो? कुशीवर थाप मारत ते म्हणाले, “टाइम मेरे हाथ में कहां है, बाबू. इसके पास है. जल्दी करोगे तो चढ़ा लेगी.”

त्यांचं काम जवळून बघण्यासारखं आहे. कास धुऊन झाली की प्रत्येक सडाची पहिली धार ते तळहातावर घेतात आणि दिव्याकडे तळवा तिरका धरून बघतात. दुधात बारीक गुठळी दिसली, पाणचट छटा दिसली, की त्या म्हशीची बादली वेगळी. कासेला सूज धरायची ही पहिली खूण, आणि ती एक दिवस नजरेतून सुटली तर सड कायमचा बाद होऊ शकतो. मग दोन सड दोन मुठींत. अंगठा आणि तर्जनी वरून सड बंद करतात, पाठोपाठ मधलं बोट, अनामिका, करंगळी. वरून कोंडलेलं दूध वर परतू शकत नाही, खालीच येतं. म्हशीच्या सडाचं तोंड गाईपेक्षा घट्ट, त्यामुळे मूठ दणकट लागते. दमलेले किंवा नवशिके गडी अंगठा आत मुडपून त्याच्या सांध्यानं सड दाबतात. धार लवकर येते, पण सडाला आतून इजा होते. चाचांच्या तबेल्यात कुणी असं करताना दिसला तर ते काही बोलत नाहीत, उठून त्याच्या जागी जाऊन बसतात.

पहिल्या धारा स्टीलच्या तळावर कर्कश वाजतात. बादली चढते तसा फेस त्यांना गिळतो, आवाज जड आणि घुमा होत जातो. चाचा बादलीत डोकावत नाहीत. किती दूध झालं ते त्यांना कानांनी कळतं, आणि रोजच्यापेक्षा कमी असेल तर त्यांचं डोकं कामाला लागतं. काल हिनं वैरण टाकली होती का? शेण पातळ होतं का? रात्री उगीच एकदा हंबरली होती का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. म्हशीचा माज बहुधा मुका असतो, उन्हाळ्यात तर विशेष. गाय गोठा डोक्यावर घेते, म्हैस एखादी हाक देऊन गप्प होते. ती हाक ऐकणारा माणूस झोपला तर संधी गेली, म्हैस गाभण राहायची लांबली, भाकडकाळ वाढला. म्हणून धारा काढणाऱ्याची खाट गोठ्यातच असते.

एकेकाच्या वाट्याला दहा-बारा म्हशी. मध्यरात्रीनंतरच्या धारा, दुपारच्या धारा. मधल्या वेळात शेण ओढायचं, फरशी धुवायची, वैरण-पेंड घालायची, अंगावर पाण्याचा पाइप धरायचा. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी तुटपुंज्या, डबकं नाही तर पाइप तरी हवाच. पहाटे पाचला अंधेरीच्या इमारतीत कॅनचं झाकण वाजतं तोवर या माणसाची अर्धी पाळी संपलेली असते. पिशवीच्या दुधाचे दिवस येऊनही अनेक घरांना सकाळचा चहा आणि दह्याचं विरजण यासाठी तबेल्याचंच दूध लागतं. सहा-सात टक्के स्निग्धांशाचं, शुभ्र, बोटभर सायीचं. शुभ्र अशासाठी, की गाईचं दूध पिवळसर करणारं कॅरोटिन म्हशीच्या दुधात जवळपास नसतं.

या माणसांना नि म्हशींना शहरात कुठे ठेवायचं, हा मुंबईचा जुना प्रश्न. वस्त्यांत दाटलेले तबेले बाहेर काढावेत म्हणून १९४९ मध्ये गोरेगावच्या डोंगरउतारावर आरे दुग्धवसाहत उभी राहू लागली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्यामागची जिद्द होती मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची. सुमारे १२८७ हेक्टर जमीन, ३२ युनिटं, सोळा हजार जनावरांची सोय. गोठे सरकारचे, म्हशी मालकांच्या. उताराची फरशी, वाहती गटारं, हिरवं गवत. म्हशीच्या दाट दुधात दूधभुकटी आणि पाणी मिसळून ते जास्त घरांत स्वस्तात पोचवायचं, ही टोन्ड दुधाची युक्तीही खुरोडींचीच. पहाटे आरेच्या केंद्रावर कार्ड नि रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभं राहिलेली पिढी अजून आहे. कुठल्या रंगाच्या पत्र्याचं टोपण म्हणजे कुठलं दूध, हे तिला पाठ होतं. ते दूध कुणी काढलं, हे रांगेत विचारायचं कारण नव्हतं.

खुरोडींचं आणि आणंदच्या सहकारी दूधसंघाच्या वर्गीस कुरियन यांचं पटलं नाही. कुरियन म्हणत, म्हशीची जागा गावात, शहरात दूध यावं, जनावर नव्हे. त्यांच्या म्हणण्यात वजन होतं. हरयाणाची मुऱ्हा, सौराष्ट्राची जाफराबादी, गुजरातची मेहसाणा, अशा निवडक म्हशी व्याल्यावर मुंबईला यायच्या, एक वेत दूध द्यायच्या आणि आटल्या की त्यांतल्या कितीतरी खाटकाकडे जायच्या, कारण भाकड म्हैस शहरात पोसणं परवडत नसे. पारडांचे हाल तर त्याआधीच. आईचं दूध पारडापेक्षा महाग, विशेषतः ते नर असेल तर. गंमत अशी, की १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि आणंदच्या संघाचे संस्थापक त्रिभुवनदास पटेल यांना मिळून देण्यात आला. पुढे जिंकलं ते आणंदचं सूत्र, आज उपनगरांतल्या बहुतेक पिशव्या गुजरातेतून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून येतात. १९७६ मध्ये शहरी भागात गुरं पाळण्यावर आणि फिरवण्यावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्रात झाला. तबेले पालघरकडे दापचरीला हलवायचे बेत झाले. काही तबेले गेले, काही राहिले. २६ जुलै २००५ च्या पुरात पश्चिम उपनगरांतल्या तबेल्यांत दावणीला बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडाल्या.

या साऱ्या इतिहासात लिटर मोजले गेले, जनावरं मोजली गेली, हेक्टर मोजले गेले. थांबणारा हात कुठल्याच तक्त्यात नाही. आणि जेव्हा जेव्हा कुणी हे थांबणं टाळायला गेलं, तेव्हा त्याची किंमत म्हशीनं मोजली. पूर्वी पान्हा सुटावा म्हणून जनावराच्या योनीत नळीनं हवा फुंकत. त्याला फुका म्हणत. गांधीजींनी गाई-म्हशींचं दूध सोडलं, त्यामागे या प्रकाराची चीड होती. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्यासाठी स्वतंत्र कलमच आहे. पुढे तेच काम इंजेक्शनवर आलं. म्हशीच्या रक्तात आपोआप उतरणारं ऑक्सिटोसिन बाटलीतून, सुईनं. दोन मिनिटं वाचतात. पण सुईची सवय लागलेली म्हैस मग हाताला दाद देत नाही, आणि गडी एक विद्या विसरतो. धारा काढायची यंत्रं आली, त्यांनाही आधी पान्हा लागतोच. कप चढवण्यापूर्वी कुणीतरी कास धुवायची, चोळायची, हाक मारायची.

कोल्हापूरला दूधकट्ट्यावर म्हैस रस्त्यातच उभी असते. गवळी तुमच्यादेखत धार काढतो, फेसाळ पेला हातात देतो, आणि दुधाइतकीच त्याच्या हाताचीही तारीफ होते. दिवाळी पाडव्याला तिथे म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसं लावून मिरवतात. मुंबईतल्या धारा भिंतीआड, काळोखात. मराठी घरांत ‘भय्या आला’ म्हणजे दूध आलं, एवढीच ओळख. दारात येणारा भय्या बहुतेक वेळा पोचवणारा. काढणारा तबेल्याच्या बाहेर क्वचितच पडतो. अंगठ्याच्या सांध्यावर घट्टा, थंडीत सकाळी सरळ न होणारी बोटं, ही त्याची कमाईबाहेरची मिळकत.

तरी त्याचा हिशेब ठेवणारं कुणीतरी आहे. चाचा लग्नसराईत गावी जातात, तेव्हा मालक दुसरा गडी लावतो. माणूस चांगला, मूठ दणकट, वेळ तीच, पेंड तीच. तरीही पहिले काही दिवस त्यांच्या रांगेतलं दूध घटतं. दोन-तीन म्हशी पाय झाडतात, एखादी तर नव्या हाताला धारच काढू देत नाही. मालक वैतागतो, फोन करतो, “चाचा, कब आओगे?” वहीत माणसाच्या जागी माणूस लिहिणं एका ओळीचं काम आहे. म्हशीला मात्र बदली मंजूर व्हायला दिवस लागतात, कारण तिनं कधी ‘मजूर’ ठेवलेलाच नव्हता. तिनं एक आवाज, एक वास, कपाळाचा एक दाब आणि थांबण्याची एक रीत ओळखीची करून घेतली होती. लाखो माणसं रोज एकमेकांच्या जागी उभी राहतात आणि काही अडत नाही, अशा शहरात एका माणसाच्या नसण्यानं नक्की किती लिटर कमी होतात, हे रोखठोक मोजून दाखवणारी ती एकटीच.