रस्त्याच्या कडेचा पेला



गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 पासून एक लांब पल्ल्याची शर्यत भरते. आयर्नमॅन 70.3 असं तिचं नाव. आधी समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर 21.1 किलोमीटर धावायचं. सगळं मिळून 113 किलोमीटर, म्हणजे 70.3 मैल, म्हणून हे नाव. बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला जायचं अंतर साधारण एवढंच. आपण ते बसमध्ये बसून, मध्ये एक चहा घेऊन कापतो. ही माणसं ते आपल्या हातापायांच्या बळावर साडेआठ तासांच्या आत पुरं करतात.

या शर्यतीत पाणी द्यायला माणसं हवी आहेत, असा निरोप पणजीच्या ओळखीच्या कुटुंबाकडून आला. आम्ही उभयतांनी धर्मशिक्षणाच्या वर्गातली पाच मोठी मुलं बरोबर घेतली आणि निघालो. शनिवारी संध्याकाळी पणजीत रविवारची मिस्सा ऐकली आणि रविवारी उजाडायच्या आत रस्त्यावर हजर झालो.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत आम्हाला घराबाहेर पडायचं निमित्तच हवं होतं. सात महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षं साचे भरणारा माणूस, आणि आता उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच पडून राहायचा. आम्ही त्यांना भरवत होतो, शर्ट घालत होतो, दाढी करत होतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई दर वेळी बजावून जात, ‘त्यांचं त्यांना करू द्या, वेळ लागला तर लागू द्या.’ आम्ही मान डोलवत असू. पण सकाळी शाळा, ऑफिस, डबे! एक बटण लावायला त्यांना पाच मिनिटं लागत, आम्हाला सगळी बटणं लावायला अर्धं मिनिट. आम्हीच लावून मोकळे होत असू. बाबा काही म्हणत नसत. हल्ली ते कशालाच काही म्हणत नसत. त्यांच्याजवळ दोन दिवसांसाठी ताईला बसवून आम्ही गोव्याला आलो होतो.

आमचं टेबल धावण्याच्या मार्गावर होतं. पाणी, क्षारांचं सरबत, केळी, बर्फ आणि भिजवलेले स्पंज. काम सोपं वाटलं होतं, पण तेही शिकावं लागलं. पेला काठोकाठ भरायचा नाही. तो वरच्या कडेला बोटांच्या टोकांनी हलका धरायचा, हात लांब करायचा, पेल्यात काय आहे ते मोठ्याने ओरडून सांगायचं आणि धावणाऱ्याची बोटं लागली की लगेच सोडून द्यायचं. घट्ट धरून ठेवलं तर पाणी सांडतं आणि त्याची लयही मोडते.

पुढचे धावक आले तेव्हा हे नीट कळलं. खेळ हेच ज्यांचं रोजचं काम, अशी माणसं यात असतात. पहिल्या वर्षी ही शर्यत जिंकणारे बिश्वरजित सायखोम हेही सैन्यदलातलेच खेळाडू. असे धावक आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. पेला उचलायचा, दोन घोट प्यायचे, उरलेलं डोक्यावर ओतायचं की चालले पुढे. आमच्यातला एक मुलगा थोडा नाराज झाला. ‘सर, थँक्यू पण म्हणत नाहीत!’ आम्ही त्याला म्हटलं, अरे, त्यांचा श्वास त्यांना पुरत नाही, त्यातला आपल्यासाठी कुठून काढतील? शिष्य म्हणून लहानातल्या एकाला गार पाण्याचा पेला देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही, असं प्रभूने सांगितलंय. पिणाऱ्याने आभार मानले तरच, अशी अट त्याने घातलेली नाही.

ऊन चढलं. मार्ग फेऱ्यांचा असल्यामुळे तेच चेहरे पुन्हा दिसत होते आणि दर फेरीला ते थोडे उतरलेले असत. पन्नाशीचे एक गृहस्थ आधीच्या फेरीला हसून गेले होते. पुढच्या फेरीला ते आमच्या टेबलाजवळ आले आणि फुटपाथच्या कडेवर बसले. पोटरीला गोळा आला होता. तो मघाचाच मुलगा धावला आणि त्यांच्या काखेत हात घालून उठवू लागला. तेवढ्यात आमच्या टेबलाच्या प्रमुख बाई ओरडल्या, ‘सोड त्यांना! आधी विचार.’ मग जवळ येऊन त्यांनी समजावलं. त्यांना थांबायचं असेल तर डॉक्टरांना बोलावू. पुढे जायचं असेल तर पाणी दे, बर्फ दे, हवं ते दे. पण तू धरून चालवलंस तर त्यांची शर्यत बाद होऊ शकते. इतक्या महिन्यांची मेहनत तुझ्या मदतीने वाया जाईल.

मुलाने विचारलं. गृहस्थांनी मान हलवली, जायचं आहे. मग तो त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. टोपीत बर्फ घालून दिला, मानेवर स्पंज पिळला, केळं सोलून हातात दिलं. चारपाच मिनिटं गेली असतील. आम्हाला ती फार मोठी वाटली. बघत राहणं किती अवघड असतं! शेवटी ते गृहस्थ स्वतः जमिनीला हात टेकून उठले, आधी चालू लागले आणि वळणावर पळू लागले. ते शेवटपर्यंत पोहोचले का, ते आम्हाला कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये मुलं झोपली आणि आम्हाला एलीया आठवला. राजे पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. ईजबेलीच्या भीतीने पळालेला संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. परमेश्वराचा दूत येतो. देवाने मनात आणलं असतं तर त्याला उचलून एका क्षणात होरेबावर नेलं असतं. पण दूत काय आणतो? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत रागवत नाही. तो दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, पुढची वाट फार लांब आहे याची आठवण देतो. मग चाळीस दिवस आणि चाळीस रात्री एलीया आपल्या पायांनी चालतो. स्वर्गातून आलेल्या दूतानेही त्याची वाट त्याच्याकडून काढून घेतली नाही.

संत पौल गलतीकरांना लिहिताना सहाव्या अध्यायात आधी एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि तीनच ओव्या पुढे म्हणतो की प्रत्येकाला स्वतःचा भार वाहावा लागेल. वर्गात मुलं विचारतात, यातलं खरं कुठलं? मूळ ग्रीकमध्ये या दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द आहेत, एवढं सांगून आम्ही आजवर वेळ मारून नेत होतो. त्या दिवशी ते दोन्ही शब्द आम्हाला रस्त्यावर दिसले. ऊन, तहान, गोळा आलेली पोटरी हे ओझं. ते हलकं करायला आपण आहोत. धावणं हा त्याचा भार. तो आपण उचलला तर त्याच्याजवळ उरलं काय?

आणि मग बाबांची बटणं डोळ्यांसमोर आली. सात महिने आम्ही सेवा समजून त्यांची शर्यत बाद करत होतो. त्यांची शुश्रूषा करत होतो हे खरं. पण घाई आमची होती आणि तिला आम्ही प्रेम म्हणत होतो.

सोमवारी सकाळी आम्ही तासभर लवकर उठलो. शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, ‘बाबा, तुम्ही घालणार की आम्ही घालू?’ ते बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी बाहीत घातला. आम्ही जवळ बसून राहिलो. पहिलं बटण लागलं, दुसरं लागलं. तिसऱ्याला बोटं घसरायला लागली. हात पुढे जात होता, तो आम्ही कसाबसा आवरला. पाचव्या का सहाव्या प्रयत्नाला ते थांबले आणि म्हणाले, ‘एवढं लाव बघू.’ आम्ही लावलं. झटका आल्यापासून त्यांनी आमच्याकडे स्वतः मागितलेली ती पहिली मदत.

आजही गळ्याजवळचं बटण आम्हीच लावतो. ते ओझं आमचं. बाकीची त्यांची.

बंधुभगिनींनो, तुमच्याही घरी कोणी असेल. आजारातून उठणारं, व्यसनातून बाहेर पडू पाहणारं, परीक्षेत पुन्हा बसणारं. त्याच्यासाठी सगळं आपणच करून टाकावं असं वाटेल, किंवा त्याचं तो बघेल असं म्हणून पाठ फिरवावीशी वाटेल. या दोन्हींच्या मधे रस्त्याच्या कडेला एक जागा आहे. तिथे पेला घेऊन उभं राहायचं, विचारायचं, द्यायचं आणि वेळेवर सोडायचं. दर रविवारी वेदीवर प्रभू आपल्याला हेच देतो, पुढच्या वाटेची शिदोरी. ती घेऊन चालायचं आपल्याला असतं, आणि तो बरोबर असतो.

हे प्रभो, आमच्या हातांना देणं शिकव आणि वेळेवर सोडणंही शिकव. जे थकून वाटेत बसले आहेत, त्यांच्याजवळ घाई न करता बसण्याचा धीर आम्हाला दे. आमेन.