घडलेलं आणि अटळ

चि. छोटीस,

शक्यता आणि अनिवार्यता या अस्तित्वविचारातल्या दोन मूळ कोटी. जे अन्यथा असूच शकत नाही ते अनिवार्य, अशी ॲरिस्टॉटलची मांडणी. सोरेन किर्केगार्दने १८४९ साली ‘द सिकनेस अनटू डेथ’मध्ये या कोटी माणसाच्या ‘स्व’ला लावल्या. जन्म, घर, देह ही अनिवार्य बाजू. जे व्हायचं आहे ती शक्य बाजू. एक गळाली की निराशा. नुसत्या शक्यतांत रमणारा कुठेच पोचत नाही आणि शक्यता गमावलेला गुदमरतो. परवा फोनवर ‘जे झालं ते होणारच होतं’ असं जे म्हटलं गेलं, ते या दुसऱ्या निराशेचं वाक्य. ते तुझ्या तोंडून यावं, याचा राग अजून गेलेला नाही.

घडलेलं बदलता येत नाही, हे खरं. पण न बदलणारं आणि अनिवार्य एक नव्हे. किर्केगार्दनेच १८४४च्या ‘फिलॉसॉफिकल फ्रॅगमेंट्स’मध्ये दाखवलं, की जे घडतं ते घडण्याआधी फक्त शक्य असतं, घडून गेल्याने ते मागाहून अनिवार्य होत नाही.

याचा पडताळा कल्याणातच आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी तिथे झाला. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव बिजवर, पोस्टात, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. यातलं काहीच त्यांनी निवडलेलं नव्हतं. या दुःखातून डॉक्टर होणं ओघानेच आलं, असं चरित्र वाचताना वाटतं. पण तेव्हा तान्ही मुलं घरोघरी जात होती. त्यांच्या आया डॉक्टर झाल्या नाहीत. आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचलं, तेही दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत असताना! कारणं होती; पण एकाही कारणाने पुढची पायरी ठरवून टाकली नव्हती.

मर्यादाही आनंदीबाईंनी नाकारल्या नाहीत. अमेरिकेला हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असं त्यांनी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केलं. अमेरिकेतही लुगडं आणि शाकाहार सुटला नाही. मिळालेलं आपलं म्हणून उचलणं ते हेच. ११ मार्च १८८६ला त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक हाती होती. २६ फेब्रुवारी १८८७ला क्षयाने पुण्यात गेल्या. बावीसही पुरी नव्हती. हा मृत्यू विधिलिखित म्हणून सांगितला जातो, तेही चूक. क्षयाला तेव्हा औषध नव्हतं, एवढंच अटळ होतं. तिकडची थंडी, खाणं, परतीचा प्रवास यांत पुष्कळ वेगळं होऊ शकलं असतं.

पुढे हायडेगरने १९२७ साली आणि सार्त्रने १९४३ साली किर्केगार्दचं हेच सूत्र वाढवलं. माणूस परिस्थितीत टाकलेला असतो, पण त्या परिस्थितीचा अर्थ त्याच्या पुढच्या बेतांवरून ठरतो. सार्त्र तर ‘पर्याय नव्हता’ म्हणणाऱ्याला स्वतःची फसवणूक करणारा मानतो. इतका कडकपणा प्रत्येकाला लावणं बरोबर नाही. दमलेल्या माणसाला तर नाहीच.

तू दमली आहेस, हे आवाजावरून कळलं. डोंबिवलीहून रोजची ती गर्दी, त्यात आईचं दुखणं. रात्री झोप लागते का? जेवतेस ना वेळेवर? तू करणार होतीस त्या अर्जाची मुदत संपलेली नाही ना, तेवढं आधी कळव. रविवारी ठाण्याला ये.

तुझा,
काका