बसू का?

पावसाळ्यात सोलापूरचा माणूस कुठंही भेटू दे, पहिला प्रश्न ठरलेला, ‘उजनी प्लसमध्ये आली का?’ आमच्या नळाला पाणी उजनीचं, उसाला पाणी उजनीचं आणि हल्ली आमचा वीकेण्डही उजनीचाच! काही वर्षांपूर्वी गळ टाकून बसणं हे रिकामटेकड्या माणसाचं लक्षण होतं. लॉकडाऊननंतर चित्रच पालटलं. आता रविवारी पहाटे बॅकवॉटरच्या काठावर गाड्यांची रांग लागते. फोल्डिंगच्या खुर्च्या, कार्बन फायबरचे रॉड, ब्लूटूथ स्पीकर आणि एका हातात रॉड नि दुसऱ्या हातात मोबाइल धरून रील बनवणारी मंडळी. (रील फिरवायचं सोडून रील बनवायचं, चालायचंच!) उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की बसण्याजोगा काठ कमी होतो आणि गर्दी मात्र तेवढीच. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते ना, अगदी तस्सं.

या गर्दीत मीही असतो. त्यामुळे नावं ठेवायचा हक्क मला किती, हा प्रश्नच आहे. तो का, ते सांगतो.

मला गळ धरायला बाबांनी शिकवलं, हिप्परग्याच्या तलावावर. तुळजापूर रोडला लागलं की दिसतो तो. 1871 साली बांधून झालेला एकरूख तलाव म्हणजे हाच. नव्वदच्या दशकात सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यात बाबांचीही गेली. मी तेव्हा लहान. बाबा सायकलवर पुढच्या दांडीवर मला बसवून पहाटे तलावावर न्यायचे. बांबूची काठी, दोरी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि डब्यात मळलेली कणीक. मला वाटायचं, काय धमाल चाललीय! संध्याकाळच्या कालवणाची सोय चाललीय हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

बाबांचे नियम मात्र कडक. कुणी आधीच बसलेलं असेल तर त्याच्या जवळ जाऊन आधी विचारायचं, ‘बसू का?’ तो ‘बसा’ म्हणाला तरी दोन काठ्यांचं अंतर ठेवायचं. त्याच्या दोरीवरून आपली दोरी टाकायची नाही. शेजाऱ्याच्या गळाला मोठा मासा लागला तर आपला गळ आधी वर घ्यायचा, म्हणजे गुंता होत नाही. ‘किती मिळाले?’ असं ओरडून विचारायचं नाही. आणि उठताना जागा होती तशी ठेवायची. मला हे सगळं उगाचच वाटायचं. एवढा मोठा तलाव आणि आम्ही चार टाळकी, विचारायचं कशाला?

पुढं इंजिनीअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली आणि 2018 मध्ये कंपनीनं ऑनसाइटला सिएटलला धाडलं. तिथं टीममधला एक जण स्टीलहेडवेडा होता. स्टीलहेड म्हणजे खरं तर रेनबो ट्राउटच. फक्त हा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन दणकट होतो आणि अंडी घालायला परत गोड्या पाण्यात येतो. डिसेंबरच्या मरणाच्या थंडीत त्यानं मला स्कायकोमिश नदीवर नेलं. बघतो तर काय, पाण्यात गुडघाभर उभी असलेली माणसांची रांग! पण भांडण नाही, आरडाओरडा नाही. पद्धत अशी की नवीन आलेल्यानं रांगेच्या वरच्या टोकाला उभं राहायचं. गळ टाकायचा, प्रवाहाबरोबर वाहू द्यायचा, मग दोन पावलं खाली सरकायचं. पुन्हा टाकायचा, पुन्हा सरकायचं. त्यामुळे चांगली जागा एकट्याच्या मालकीची होत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला येते. खाली सरकत चाललेल्या माणसाच्या पुढ्यात मध्येच घुसणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. पोटच्या पोराला माफ करतील, अशा माणसाला नाही! अजून एक गंमत. माशाच्या पाठीवर शेपटीजवळ एक छोटासा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो पर कापून मगच त्यांना सोडतात. पर कापलेला मासा घरी न्यायचा, अख्खा असला तर तो जंगली, परत पाण्यात सोडायचा.

मी हे सगळे नियम मन लावून पाळले. लायसन्स काढलं, रांगेत सरकलो, एकही मासा न मिळता आनंदानं परतलो. भारतात आल्यावर मित्रांना दोन वर्षं तेच ऐकवत होतो, ‘तिकडचा सिव्हिक सेन्स बघा, नाहीतर आपण!’

आणि मग गेल्या फेब्रुवारीतला तो रविवार. आम्ही ऑफिसचे पाच जण पहाटेच उजनीवर पोचलो. पाण्यात लांबवर प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. ‘लोक काय कचरा करतात यार!’ असं मीच म्हणालो. त्याच बाटल्यांच्या पलीकडं मी गळ फेकला. तिसऱ्या फेकीला अडकला. ओढला, अजून ओढला. दोराला जोर देऊन मागं सरकलो आणि पाण्याखालून काहीतरी फाटत फाटत माझ्याकडं आलं. नायलॉनचं जाळं! त्यात चारपाच चिलापी तडफडत होत्या. माझा साडेसहाशे रुपयांचा इंपोर्टेड गळ त्यात गुंतला होता. मी खिशातला चाकू काढला आणि जाळं कापून गळ सोडवला. खरं सांगू? त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही.

ट्रकच्या ट्यूबवर बसून हातानं पाणी मारत एक माणूस आला. साठीचा असेल. फाटलेला भाग उचलून बघत राहिला.

‘साहेब, बाटल्या दिसल्या न्हाईत व्हय?’

‘मामा, मला वाटलं कचरा आहे.’

‘खूण हाय ती. सांजच्याला लावून गेल्तो.’

मी घाईघाईनं पाचशेची नोट काढली. त्यानं ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाला, ‘जाळं बाराशेचं हाय.’ मी बाराशे दिले, फोनवरूनच. त्याच्याकडं क्यूआर कोड होता, मुलानं काढून दिलेला. पैसे आल्याचा मेसेज बघितला आणि शांतपणे म्हणाला, ‘पैसं मिळालं. नवं जाळं आणून बांधंस्तवर दोन दिस जात्यात, ते कुठनं आणू?’

याला उत्तर नव्हतं. आमच्या स्पीकरवर गाणं चालूच होतं.

रात्री सोलापूरच्या घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते भाकरीचा तुकडा मोडत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘हिप्परग्याला पण जाळीवाले होते. त्यांचं पोट त्याच्यावर. ठेका त्यांचा, तलाव त्यांचा. मनात आणलं असतं तर आपल्याला हुसकावून लावलं असतं. ‘बसू का’ हे मी शेजारच्या गळवाल्याला विचारत नव्हतो रे, त्यांना विचारत होतो. आपण तिथं उसने बसलेलो असायचो.’

उसने! इतकी वर्षं मी ज्याला मॅनर्स समजत होतो, ते खरं तर बाबांचं देणं होतं. स्कायकोमिशवर रांगेतले सगळेच माझ्यासारखे हौशी. तिथं मासा मिळाला नाही तरी कुणाच्या घरची चूल अडत नव्हती. उजनीचं तसं नाही. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं, त्यात गावंच्या गावं पाण्याखाली गेली. आज त्याच पाण्यावर कितीतरी घरं जाळं टाकून जगतात. तिथल्या रांगेत ती माणसं आमच्या आधीपासून उभी आहेत. आम्हाला ती दिसत नाहीत, कारण ती संध्याकाळी जाळं लावून घरी जातात आणि मागं ठेवतात फक्त बाटल्या.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन पुन्हा तिथंच गेलो. स्पीकर नाही, गॅंग नाही. मामा काठावर नवं जाळं झटकत होते. बाबा सरळ त्यांच्याकडं गेले आणि मी लहानपणी शंभरदा ऐकलेला प्रश्न विचारला, ‘बसू का?’

मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं. ओळखलं, बहुतेक. मग हात करून म्हणाले, ‘त्या बाभळीच्या अलीकडं बसा. पलीकडं जाळं हाय.’

आम्ही बाभळीच्या अलीकडं बसलो. दुपारपर्यंत दोन चिलापी मिळाल्या, त्याही छोट्या. बाबांनी सोडून दिल्या. उठताना त्यांनी आजूबाजूला पडलेली वेफर्सची पाकिटं गोळा केली, तेव्हा मीही वाकलो. पाण्यातल्या बाटल्यांना मात्र हात लावला नाही.