रिकाम्या कबरीचे शहर

जेरुसलेमची जी छायाचित्रे कॅलेंडरांवर आणि पर्यटन पुस्तिकांत झळकतात, त्यांतली बरीचशी एकाच जागेवरून घेतलेली असतात. ती जागा म्हणजे शहराच्या पूर्वेकडचा जैतुनांचा डोंगर. पर्यटकांच्या बस इथे थांबतात, समोर सोनेरी घुमट चमकत असतो आणि जो तो कॅमेरा सरसावतो. घुमट पाहण्याच्या नादात पायाखालच्या उताराकडे मात्र लक्ष उशिराच जाते. हा सगळा उतार कबरींनी भरलेला आहे. फिकट पिवळसर दगडाच्या, एकसारख्या, एकीला एक लागून. सुमारे दीड लाख ज्यू इथे पुरले गेले असावेत असा अंदाज आहे आणि इथे दफनाची प्रथा जवळजवळ तीन हजार वर्षे चालत आली आहे. कबरींवर फुले नाहीत. भेटीला आलेल्या नातेवाइकांनी ठेवलेले लहान लहान खडे आहेत.

या मृतांचे पाय शहराकडे आहेत, जिथे एके काळी ज्यूंचे मंदिर होते त्या दिशेला. हेतू साधा आहे. शेवटच्या दिवशी उठून उभे राहिले, की तोंड मंदिराकडे असावे! समोर शहराच्या तटाला एक दुहेरी कमानीचा दरवाजा दिसतो. तो दगडांनी बुजवून टाकलेला आहे आणि त्याच्या पायथ्याशी मुसलमानांचे कब्रस्तान आहे. तेही त्याच दिवसाची वाट पाहत आहेत. मधल्या किद्रोन दरीत ख्रिस्ती कबरीही आहेत. या शहरात तीन धर्मांचे एकेका दगडावरून भांडण आहे, पण मेलेली माणसे एक दिवस उठतील, यावर तिघांचे एकमत आहे. न्यायनिवाडा याच दरीत होईल, अशीही जुनी समजूत आहे.

भारतीय प्रवासी इथे थोडा चक्रावतो. देह नश्वर, आत्मा अमर, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेले असते. जुने वस्त्र टाकावे तसा आत्मा देह टाकतो. मग टाकलेल्या वस्त्राची वाट कोण पाहणार? चिता विझली, अस्थी गोळा केल्या, नदीत सोडल्या, की देहाचा आणि आपला संबंध संपला. ख्रिस्ती माणूसही ‘आत्मा स्वर्गात गेला’ एवढेच मानत असेल, असा आपला समज असतो. खरे तर ख्रिस्ती घरांतही सांत्वनाला आलेली माणसे बहुधा तेवढेच बोलतात. पण चर्चमध्ये उपासनेच्या वेळी विश्वासाची जी कबुली एका सुरात दिली जाते, तिच्यात केवळ आत्म्याच्या अमरत्वावर भागत नाही. तिच्यात शरीराचे पुनरुत्थान आहे. म्हणजे हाडामांसाचा जो माणूस गेला, तोच पुन्हा उठायचा आहे. मात्र जसा होता तसा नाही, पालटून, ‘गौरवी’ होऊन.

दगडी पेट्या आणि मुंबईचे कोनाडे

डोंगर उतरताना वाटेत एक छोटे चर्च लागते. अश्रूच्या थेंबाचा आकार दिलेले हे चर्च इटालियन वास्तुशिल्पी अंतोनिओ बार्लुत्झी यांनी बांधले, १९५५ साली. नाव ‘दोमिनुस फ्लेवित’, म्हणजे ‘प्रभू रडला’. या शहराचे भवितव्य दिसून येशूला इथे रडू आले, अशी श्रद्धा आहे. याच आवारात १९५० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा जुनी दफनभूमी सापडली आणि तिच्यात चुनखडीच्या लहान लहान पेट्या मिळाल्या. येशूच्या काळातल्या जेरुसलेममध्ये रीत अशी होती : प्रेत आधी खडकात कोरलेल्या गुहेत ओट्यावर ठेवायचे, वर्षभराने मांस झडून गेले की हाडे गोळा करून पेटीत ठेवायची आणि पेटीवर नाव कोरायचे. पेटीची लांबी साधारण मांडीच्या हाडाएवढी, कारण शरीरातले सर्वात लांब हाड तेच. हाडे जपायची कशासाठी? देव ती परत मागेल म्हणून, असे पुष्कळ अभ्यासक सांगतात. अर्थात तेव्हाचे सगळेच ज्यू हे मानत नव्हते. परूशी पंथ पुनरुत्थान मानी, मंदिराचा कारभार हाती असलेले सदूकी ते हसण्यावारी नेत.

मुंबईच्या कॅथलिक दफनभूमीत ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना या पेट्या पाहून ओळखीचे काहीतरी आठवेल. मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही, तिथे मेलेल्याला कायमची कुठली मिळणार? बऱ्याच ठिकाणी काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, हाडे काढतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून वर नावाची फरशी बसवतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जेरुसलेमची रीत जागेच्या टंचाईने मुंबईत आणून सोडली आहे. वसईच्या गावांत २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कबरी झाडूनपुसून फुलांनी सजवतात आणि संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. आजी कुठे आहे, हे तिथल्या लहान मुलालाही बोट दाखवून सांगता येते.

जिथे पाहण्यासारखे काहीच नाही

दरीच्या तळाशी मरियेची कबर आहे. चाळीसहून अधिक रुंद पायऱ्या जमिनीच्या पोटात उतरतात. वर टांगलेले दिवे, धुपाचा वास आणि काजळीने काळवंडलेले छत. ही कबरही रिकामी! येशूच्या आईला देहासह स्वर्गात घेतले गेले, ही श्रद्धा पूर्वापार आहे. कॅथलिक चर्चने १९५० साली तिला अधिकृत सिद्धान्ताचे स्थान दिले. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करून घरी येतो, तेव्हा चर्चमध्ये याच घटनेचा सण चालू असतो.

तिथून तटाच्या आत शिरले, की बोळांतून वाट काढत पश्चिमेकडे जायचे. मसाल्यांची दुकाने, क्रुसाच्या माळा, डाळिंबाच्या रसाच्या गाड्या. आणि मग अचानक एका लहानशा चौकात ते मोठे चर्च उभे राहते. इंग्रजीत त्याचे नाव ‘होली सेपल्कर’, पवित्र कबर, असे रूढ आहे. पण पूर्वेकडचे ख्रिस्ती त्याला कबरीचे चर्च म्हणतच नाहीत. ग्रीक त्याला ‘अनास्तासिस’ म्हणतात, अरब ‘कनीसत अल्-कियामा’. दोन्हींचा अर्थ पुनरुत्थानाचे चर्च. कियामा म्हणजे तीच आपली हिंदी सिनेमातली कयामत! मूळ अर्थ प्रलय वगैरे नसून उठून उभे राहणे.

इमारत पाहून मात्र पुष्कळांचा हिरमोड होतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने उभारलेले भव्य चर्च इ. स. ३३५ मध्ये वाहिले गेले. १००९ साली खलिफा अल्-हाकिमने ते पाडले. पुढे ते पुन्हा बांधले गेले, क्रुसेडरांनी वाढवले, १८०८ मध्ये आगीत होरपळले, १९२७ मध्ये भूकंपाने खिळखिळे झाले. आत सहा पंथ नांदतात : ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन. कोणता दिवा कोणी पुसायचा, कोणती पायरी कोणी झाडायची, हे ठरलेले आहे आणि तरी मारामाऱ्या होतात. दर्शनी भागावरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तशीच आहे. हलवायची कोणी, यावर एकमत नाही म्हणून. मुख्य दाराची किल्ली दोन मुसलमान घराण्यांच्या हाती आहे. एक किल्ली सांभाळते, दुसरे दार उघडते. भावकीत वाटण्या झालेला वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या चर्चचे फारसे नवल वाटणार नाही.

घुमटाखाली दगडी खोलीवजा छोटी वास्तू आहे. तिच्यासमोर रांग लागते, कधी कधी तासन् तास. दोन दालने. दुसऱ्यात शिरायला इतके वाकावे लागते, की ताठ मानेने कोणी आत जाऊच शकत नाही. आत एका वेळी जेमतेम तीन-चार माणसे मावतात. उजवीकडे संगमरवराची लादी, वर दिवे. भाविक तिच्यावर कपाळ टेकतात आणि दाराशी उभा असलेला साधू लगेच ‘चला, चला’ करतो. बस्स, एवढेच! मूर्ती नाही, अवशेष नाही. जगभरातून माणसे इतका पैसा खर्चून येतात ती इथे कोणी नाही, हे पाहायला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी ही लादी बाजूला सरकवण्यात आली. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाच्या तज्ज्ञांना कामासाठी फक्त साठ तास मिळाले होते. लादीखाली भर, तिच्याखाली क्रूस कोरलेली आणखी एक तडकलेली लादी आणि तिच्याखाली खडकात कोरलेला मूळ ओटा. चुन्याच्या तपासणीवरून जुनी लादी इ. स. ३४५ च्या सुमारास बसवली असावी असे निघाले. म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या काळापासून माणसे याच जागी येत आहेत, हे पक्के झाले. तिथून कोणी उठून गेले काय, हे चुन्याला विचारता येत नाही.

तोच, पण ओळखू न येणारा

येशू नेमका कसा उठला, तो क्षण कसा होता, याचे वर्णन चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. आहे ते नंतरचे, आणि ते मोठे विलक्षण आहे. मग्दालीया मरीया कबरीपाशी रडत असते. समोर उभा असलेला माणूस तिला माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हा कुठे तिला ओळख पटते. दोन शिष्य त्याच्याबरोबर चालत गावापर्यंत जातात, तरी ओळखत नाहीत. तो भाकरी मोडतो, तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. दारे बंद असताना तो आत येतो. भूत समजून शिष्य घाबरतात, तर तो खायला मागतो आणि त्यांच्यादेखत भाजलेला मासा खातो. थोमाला तो हातांच्या आणि कुशीतल्या जखमा दाखवतो. हाच थोमा परंपरेनुसार पुढे भारतात आला आणि चेन्नईच्या मैलापुरात त्याच्या कबरीवर आज सान थोमे चर्च उभे आहे.

जखमा राहिल्याच कशा? सगळे नवे व्हायचे, तर त्याही जायला हव्या होत्या. पण ख्रिस्ती विचाराचे मर्म नेमके इथे आहे. गौरवी शरीर म्हणजे जुने पुसून काढलेले नवे शरीर नव्हे. जे सोसले तेही त्यात येते, फक्त दुखत नाही. ग्रीक माणसाला शरीर हा तुरुंगच वाटे, त्यामुळे करिंथ शहरातल्या काही नवख्रिस्तींनाही हे पटेना. इ. स. ५० ते ६० च्या दरम्यान पौलाने त्यांना पत्र लिहिले आणि पेरणीचा दाखला दिला. आपण जमिनीत दाणा टाकतो, रोप टाकत नाही. उगवते ते दाण्यासारखे दिसत नाही, तरी ते त्या दाण्याचेच असते. शेतकऱ्याला याहून वेगळे समजावण्याची गरज नाही.

पुढच्या लोकांचे प्रश्न मात्र थेट घरातले होते. तान्हेपणी गेलेले बाळ बाळच राहील का? म्हातारी आई म्हातारीच उठेल का? संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४२६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या शेवटी असल्या प्रश्नांचा चांगला खल केला आहे. त्यांच्या मते बाळाला त्याची न मिळालेली वाढ मिळेल, वृद्धाला तारुण्य मिळेल, स्त्री स्त्रीच राहील आणि धर्मासाठी जीव दिलेल्यांचे व्रण शोभेसारखे दिसतील. ज्याला दुसऱ्या माणसाने खाल्ले त्याचे काय, हेही त्यांनी सोडलेले नाही! आजचे अनेक ख्रिस्ती विचारवंत हा सगळा तपशील अक्षरशः घेत नाहीत. पण ज्या आईचे लेकरू पाळण्यातून गेले, तिला ‘आत्मा अमर आहे’ या उत्तराने जे मिळत नाही, ते ऑगस्टीन यांच्या उत्तरात आहे. तिला तेच लेकरू हवे असते.

न कुजणारे शरीर म्हटले, की मराठी वाचकाला जुन्या गोव्याची आठवण होणारच. १५५२ साली वारलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा पार्थिव देह तिथल्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात तो दर्शनासाठी खाली आणला, तेव्हा लाखोंनी गर्दी केली. पण ते गौरवी शरीर नव्हे. त्यांचा एक हात रोमच्या चर्चमध्ये आहे, बाकी देह गोव्यात सुकत चालला आहे. चर्चच्या दृष्टीने संत झेवियरही अजून वाटच पाहत आहेत.

देह विखुरला तरी देवाला अडचण नाही, हे मान्य असल्यामुळेच कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली. २०१६ मध्ये मात्र रोमहून बजावण्यात आले, की रक्षा पाण्यात वा वाऱ्यावर सोडू नये, वाटून घेऊ नये. ती पवित्र जागी एकत्र ठेवावी. आपल्याकडे रक्षेला नदी मिळाली नाही तर जीव कासावीस होतो. तिकडे नदीच वर्ज्य!

पंथापंथांच्या भांडणांनी वैतागलेल्यांसाठी तटाबाहेर ‘गार्डन टूम’ नावाची दुसरी एक जागा आहे. १८८३ मध्ये इंग्रज सेनानी गॉर्डनने तिचा पुरस्कार केला. ती कबर येशूच्या काळाच्या कित्येक शतके आधीची असावी, असे पुरातत्त्वज्ञ म्हणतात. पण बाग सुरेख आणि शांत आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या युद्धानंतर यात्रेकरूंची संख्या खूपच रोडावली. जाणाऱ्याने आधी सरकारी सूचना पाहाव्यात. चर्चला तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पहाटे गेले तर रांग लहान असते. रात्री पहारेकरी शिडीवर चढून बाहेरून कुलूप लावतो, मग दारातल्या छोट्या झडपेतून ती शिडी आत देतो. आत वेगवेगळ्या पंथांचे साधू रात्रभर त्या रिकाम्या कबरीपाशी प्रार्थना करीत असतात, आणि सकाळी तीच शिडी पुन्हा बाहेर येते.