रेशनकार्डावरचं नाव

नोकरीसाठी जबलपूरला मामांकडे निघालेल्या आमच्या पिढीतल्या पोरांचं सामान ठरलेलं असे. एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि मामींच्या हातात द्यायची एक थैली. पोरगा बालाघाट-गोंदियाकडचा असला तर थैलीत चिन्नोर तांदूळ, अमरावती-अकोल्याकडचा असला तर तुरीची डाळ. राहण्याचे पैसे विचारायचे नाहीत हे मामांना ठाऊक होतं, रिकाम्या हातानं यायचं नाही हे आम्हाला. गोंदियाहून सुटलेली नॅरोगेज नैनपूर करत, सातपुड्याच्या जंगलातून रमतगमत जबलपूरला पोचायची, तोवर कोळशाचे कण डोळ्यांत आणि आईच्या दशम्या पोटात गेलेल्या असत. त्या गाडीच्या आठवणीनं आम्ही आज उसासे टाकतो. तेव्हा मात्र अख्ख्या वाटेत तिला शिव्याच दिल्या होत्या.

आता आमच्या नाती म्युनिकला जातात. डुमना विमानतळावरून निघायचं, दिल्ली किंवा मुंबईला विमान बदलायचं, दुसऱ्या दिवशी मावशीच्या घरी. तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा स्वयंपाकघरातल्या काट्यावर निम्म्या निम्म्या तोलून होतात आणि भाजणीच्या पुड्या तीनदा आत-बाहेर होतात. मावशी फोनवर सांगत असते, ‘अगं, इथे सगळं मिळतं, कशाला ओझं आणतेस!’ तिचं खरंच असतं. आमच्या मामींना तांदूळ मिळत नव्हता असं थोडंच होतं?

मामांचं परदेशी होणं मोठं गमतीचं. ते जबलपूरला आले तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूरला होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपूरला आलं. कोर्टाबरोबर काही मराठी घरंही आली. मामा मात्र होते तिथेच बसून परप्रांतीय झाले. पुढे आम्ही त्यांच्याकडे आलो ते कारखान्यांसाठी. गन कॅरेज फॅक्टरी १९०४पासूनची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. तिथल्या शक्तिमान ट्रकचा परवाना जर्मनीच्या ‘मान’ कंपनीचा आणि ‘मान’चं मुख्यालय म्युनिकला. आमची हयात त्या ट्रकचे नटबोल्ट आवळण्यात गेली, म्युनिक काही दिसलं नाही. नात तिथे उतरली आणि तिला शक्तिमान म्हणजे टीव्हीवरचा तो गिरक्या घेणारा, एवढंच ठाऊक.

पहिले चार दिवस मामांच्या ताब्यात असत. पहिल्या सकाळी ग्वारीघाट. नर्मदेत बुडी मारल्याशिवाय जबलपूरला आल्याची नोंदच होत नसे. मग आळीतल्या झाडून सगळ्या मराठी घरी हजेरी, ‘हा आमच्या ताईचा थोरला’ आणि प्रत्येक घरी पोहे. संध्याकाळी कमानिया गेटपाशी बडकुलांची खव्याची जिलबी, आणि ती खाताना ही कमान त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीसाठी बांधली, सुभाषबाबू अध्यक्ष होते, साल १९३९, हे न विचारता कळे. शेवटी सायकल आणि फॅक्टरीचा रस्ता. दाराची कडी नऊला लागते, हे मामा सगळ्यात शेवटी सांगत, पण ऐकू मात्र तेच सगळ्यात मोठ्यानं येई.

मावशीकडे कडी नाही, किल्ली आहे, आणि ती पहिल्याच संध्याकाळी हातात मिळते. तिच्याआधी वायफायचा पासवर्ड. मग सूचना : काच वेगळी, कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, रिकाम्या बाटल्या टाकायच्या नाहीत, दुकानातल्या यंत्रात घालून पैसे परत घ्यायचे, रविवारी मिक्सर लावायचा नाही, खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून सांगायला येतात. नात हे सगळं फोनमध्ये टिपून घेते. कुठल्या वेळी घरी यायचं, ते कोणी सांगत नाही. आम्हाला तेव्हा कोणी तसं सांगितलं नसतं, तर आम्ही मामांना देव मानलं असतं.

पोचल्याचं पत्र हा एक सोहळा होता. पोस्टकार्डावर आम्ही दोन ओळी लिहायच्या आणि खाली जागा सोडायची, कारण मामा त्यात आपल्या दोन ओळी घालणार : ‘चिरंजीव सुखरूप पोचले. प्रकृती बरी. काळजी नसावी.’ आमच्या ओळींवर आईचा विश्वास नसे, मामांच्या ओळींवर असे. कार्ड पोचायला चार-पाच दिवस लागत आणि तेवढे दिवस आई दाराशी पोस्टमनची वाट बघे. आता नातीची आई फोनवर विमान पुढे सरकताना बघत जागते आणि ते उतरल्याबरोबर झोपते. काळजी चार दिवसांवरून एका रात्रीवर आली, हे चांगलंच झालं. पोस्टकार्डावर ती सोडलेली जागा मात्र गेली. दुसऱ्या कुणीतरी ‘हा बरा आहे’ असं लिहून द्यायची सोय व्हिडिओ कॉलमध्ये नाही.

आणि रेशनकार्ड. साखर आणि रॉकेल माणशी मिळे, तेव्हा घरात माणूस वाढला की कार्डावर नाव वाढवावं लागे. त्यासाठी गावाकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा. गाडी सुटताना न रडलेल्या आया तो दाखला घेताना रडल्या आहेत. इकडे मामी पुरवठा कार्यालयाच्या रांगेत उभ्या राहत आणि स्वतःच्या पोरांच्या खाली आमचं नाव लिहवून आणत. नात्याच्या रकान्यात ‘भानजा’.

जर्मनीत याचा धाकटा भाऊ भेटतो. घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा आणि ज्यांच्या घरी राहणार त्यांनी तसं लेखी द्यायचं. त्यावर पुढचे कागद आपल्या पत्त्यावर टपालानं येतात. मात्र पत्रपेटीवर आपलं नाव नसलं तर पोस्टमन पाकीट परत नेतो. म्हणून मावशीनं पेटीवर आपल्या आडनावाखाली भाचीच्या नावाची पट्टी चिकटवली आणि त्याचा फोटो जबलपूरला पाठवला. आम्ही तो फोटो मोठा करकरून पाहिला.

इथवर सगळं गोड लिहून झालं, आता हिशेब. मामांच्या दोन खोल्यांच्या घरात आमच्या आधीच सहा माणसं होती. आम्ही आल्यावर मामांचा धाकटा व्हरांड्यात गेला आणि मॅट्रिकचा अभ्यास त्यानं रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात केला. अंघोळीला एक बादली. सिगारेट प्यायची तर रांझीच्या पुढे सायकल मारत जायचं. आलेलं पत्र आधी मामा वाचत, मग आम्ही. ‘चार दिवस राहीन’ म्हणून आलेले आमच्यातले कित्येक लग्न ठरेपर्यंत हलले नाहीत, आणि हे सगळं मामींना कुणी विचारून केलेलं नव्हतं. दुसऱ्या पाळीवरून आम्ही रात्री उशिरा पोचलो की त्या उठत, ‘आता येऊन राहिला का रे, भात निवून गेला,’ म्हणत आणि चूल पुन्हा पेटवत. ही माया होती असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. एकदा म्हातारपणी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘झोप फार यायची रे.’

शिवाय त्या काळी येत होते ते मुलगेच. आमच्या बहिणी जबलपूरला आल्या त्या फक्त दाखवायला, साडीच्या पदराशी चाळा करत. त्यांच्यातली एखादी वळकटी घेऊन नोकरीला आली असती, तर मामांनी तिला पहिल्या गाडीनं परत पाठवलं असतं आणि आम्ही स्टेशनवर ट्रंक उचलायला गेलो असतो.

म्युनिकच्या मावशीनं सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं, ‘दोन महिने आरामात राहा, मग आपण खोली शोधू.’ ऐकताना आम्हाला ते जरा झोंबलं. दोन महिन्यांनी नात खरंच तीन मुलींबरोबरच्या एका घरात राहायला गेली. जाताना तिनं मावशीला कुंडीतलं रोप दिलं, पेटीवरची पट्टी खरवडून काढली. मावशीला तिची खोली परत मिळाली, नातीला तिची मिळाली, दोघी शनिवारी भेटतात आणि कॉफीचे पैसे आळीपाळीनं देतात. दोघींचं अगदी छान चाललंय. आम्हीच फोनवर पुन्हा पुन्हा विचारतो, काही बिनसलं नाही ना?