आम्ही मूळचे लातूरकर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नातीने राजस्थान पाहायचे ठरवले होते. वाळवंटातले किल्ले, राजवाडे आणि देवळे यांची चित्रे कापून तिने एक वही भरली होती. सारे ठरले होते. आगगाडीची तिकिटे तेवढी काढायची राहिली होती, आणि ते काम माझ्याकडे होते. मी ते विसरलो! घरात माझ्यावर खटला उभा राहिला तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "किल्लेच पाहायचे ना? चल माझ्या लातूरला."

"तिथे वाळवंट आहे का आजोबा?"

"वाळवंट नाही. पण चैत्र-वैशाखात आलीस तर तुला फरक कळायचा नाही."

आम्ही मूळचे लातूरकर. मी पुण्याला आलो त्याला चाळीस वर्षे झाली. वाडा आणि थोरले दादा मात्र तिथेच आहेत. आम्हां भावांत भांडण असे कधी झाले नाही. फक्त एक गोष्ट बोलायची आम्ही दोघेही टाळत आलो. ती या प्रवासात अशी समोर येऊन उभी राहणार हे ठाऊक असते, तर मी मुकाट्याने राजस्थानची तिकिटे काढली असती.

पहिल्या दिवशी औसा. किल्ला म्हटला की डोंगर, ही आपली घाटावरची समजूत. औशाचा किल्ला भुईकोट, आणि तोही सखल जागी. अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. नातीने वहीत 'तोफा', 'बुरूज', 'दरवाजे' असे रकाने आखले होते. खंदक ओलांडून आत हिंडताना विहिरी दिसल्या, तेव्हा तिने आणखी एक रकाना आखला : 'पाणी'.

दुसऱ्या दिवशी उदगीर. इथे माझ्यातला शाळामास्तर जागा झाला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे कसे नमवले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा कशा धडाडल्या, साठ लाखांचा मुलूख कसा पदरात पडला, आणि पुरते वर्ष होते न होते तोच १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय घडले, हे सारे मी खंदकाच्या काठी उभा राहून हातवारे करीत सांगितले. नातीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "एवढी माणसे, एवढे घोडे! ते पाणी कुठले प्यायचे?"

जन्मभर इतिहास शिकवला. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही पडला नव्हता. त्यानंतर मी तोफा पाहायचे सोडले आणि तिच्याबरोबर पाणी पाहू लागलो.

देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यांच्या काळातले सिद्धेश्वराचे देऊळ आहे. भिंतींवरच्या त्या सुरसुंदरींपुढे माणसाने तासभर उभे राहावे! आमची नात मात्र अभिषेकाचे पाणी गाभाऱ्यातून बाहेर कसे पडते, ते शोधीत देवळामागे गेली होती.

मग कंधार. मन्याड नदीच्या काठचे हे गाव राष्ट्रकूटांचे. किल्ला भुईकोटच, पण भोवतीचा पाण्याने भरलेला खंदक पाहून नात आनंदाने ओरडली. आत पडके महाल, हौद, पाणी खेळवायच्या वाटा. आणि गावाजवळ तो प्रशस्त तलाव, ज्याचे जुने नावच मुळी जगत्तुंगसमुद्र! जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. हजार-अकराशे वर्षांपूर्वी या कोरड्या मुलुखात कुणीतरी तळे बांधले आणि त्याला हौसेने समुद्र म्हटले.

तलावाच्या काठी मी तिला सांगितले, "हे राजे कोण, ठाऊक आहे? आपल्या शिलालेखांत ते स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. तेही तुझ्या आजोबासारखेच. गाव सोडून गेलेले, पण मूळचे लातूरकर!"

नात हसली. वहीत काहीतरी लिहिता लिहिता तिने विचारले, "मग आपल्या वाड्यात पाणी कुठे आहे?"

मी म्हणालो, "उशीर झाला. चल, अहमदपूरमार्गे रात्रीपर्यंत पोचू."

आमच्या वाड्यात विहीर होती. पणजोबांनी खणलेली, काळ्या दगडात बांधलेली. घरात नळ आला त्या वर्षी मी ती बुजवली. मोटार उभी करायला जागा हवी होती. दादा म्हणाले होते, "पाण्यावर माती टाकू नये रे." मी त्यांना जुन्या मताचे म्हटले आणि चार गाड्या राडारोडा आत लोटला.

पुढे २०१६ चा उन्हाळा आला. लातूरचे नळ कोरडे पडले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. ती बातमी मी पुण्यात चहा पिता पिता वाचली. दादा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहत. हे मला वहिनींनी कळवले. दादांनी आजतागायत त्यावर अवाक्षर काढले नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटले.

रात्री जेवताना नातीने वही उघडली. "दादाआजोबा, औशाला विहिरी, उदगीरला खंदक, कंधारला समुद्र. आपल्या वाड्याचा रकाना रिकामा आहे."

पंगत गप्प झाली. वहिनींनी उगाच भात वाढला. मी ताटाकडे पाहत म्हणालो, "विहीर होती. मी बुजवली. दादांचे ऐकायला हवे होते."

इतके सोपे वाक्य. पण ते तोंडातून निघायला मला किल्ले, देवळे आणि एक आख्खे राजघराणे मध्ये घालावे लागले.

दादांनी हात धुतले, माडीवर गेले, आणि गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी घेऊन खाली आले. ते विहिरीवरच्या रहाटाचे चाक होते. त्याला तेल लावलेले होते.

"दर दिवाळीला लावतो," ते म्हणाले. "भाऊबीज झाली की माणसे बोलावू. पाणी लागेलच असे नाही हो."

नातीने वहीत लिहिले : 'लातूर – काम चालू आहे.'