सप्ताहातली गणितं

२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. गाणगापूर

दादाचं गुरुचरित्राचं पारायण आज सुरू झालं. ४ तारखेला दत्तजयंती, त्या दिवशी समाप्ती. मी आले ती त्याच्या सोवळ्याच्या स्वयंपाकाला. तो पहाटे संगमावर जातो आणि औदुंबराखाली वाचायला बसतो. माझी चूल लवकर आटोपते. मग दुपार मोकळी असते, म्हणून कोड्यांची वही सोबत आणली आहे.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या गुरुजींची नात आठवीत आहे. शाळा कन्नड, घरात मराठी. वही बघून म्हणाली, "आजी, हे शाळेचं आहे काय?" म्हटलं, नाही, शाळेचं नसलेलं आहे. तेवढ्यावर बसली.

सालापासून सुरुवात केली. २०२५ मधोमध तोडायला सांगितलं. २० आणि २५, बेरीज ४५. आता ४५ चा वर्ग कर. तिने केला, आला २०२५. "सालच परत आलं की!" पुढचं असं साल कधी, हे तिनेच विचारलं, मी नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर ५५ सापडला: वर्ग ३०२५, तीस आणि पंचवीस पंचावन्न. त्यानंतर थेट ९८०१. म्हणजे चार आकडी सालं अशी तीनच, आणि त्यांतल्या पहिल्याचा आता महिनाच उरलाय. "३०२५ पर्यंत कोण राहणार?" ती म्हणाली. गुरुजी ओसरीवरून म्हणाले, "महाराज."

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्याबरोबर हजर. कालच्या संख्या कोणाच्या, असं विचारत होती. कापरेकर संख्या म्हणतात त्यांना. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे, नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. १९३० ते १९६२ तिथेच शिकवलं. पदवी मुंबई विद्यापीठाची, पुढची कुठलीच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना त्यांचं काम म्हणजे पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर झालं. तोवर मास्तरांनी सत्तरी गाठली होती. पोरखेळ हा शब्द मला त्यांची निंदा वाटतच नाही. खेळताना माणूस नियम मोडत नाही आणि कंटाळतही नाही. गणिताला अजून काय लागतं?

त्यांची सगळ्यांत प्रसिद्ध गंमत ६१७४. सगळे सारखे नसलेले चार अंक घ्यायचे. मोठ्यात मोठी संख्या करायची, लहानात लहान करायची, वजाबाकी. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. सालच घेतलं: ५२२० वजा ०२२५, ४९९५. मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. तिथून हलेना: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. तिने आपला हजेरी क्रमांक घेतला, गुरुजींच्या गाडीचा नंबर घेतला, सगळे तिथेच. १९४६ सालचा हा शोध, आणि कागद-पेन्सिलीशिवाय काही लागत नाही.

गुरुजी म्हणाले, लीला आहे. फोनवर येणाऱ्या निरोपांतही या आकड्याला दैवी वगैरे म्हणतात, त्याचा मला राग आहे. म्हटलं, दोन अंक घेऊन बघा. ९० वजा ०९, ८१. मग ६३, २७, ४५, ०९ आणि परत ८१. थांबतच नाही. गुरुजींनी मिनिटभर कागद पाहिला. "मग हे प्रदक्षिणा घालतायत." यावर मला उत्तर सुचलं नाही.

(तीन अंकांना मुक्काम आहे, ४९५. हे तिने रात्री जेवायच्या आधी स्वतः काढून आणलं.)

३० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. तिला घेऊन संगमावर गेले. भीमा आणि अमरजा, गर्दी वाढायला लागली आहे. पायरीवर बसून थैलीचं कोडं घातलं.

हे कोडं याच जिल्ह्यातलं म्हणायला हरकत नाही. कलबुर्गीच्या पलीकडे कागिणा नदीकाठी मळखेड आहे, तीच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमाराला, महावीराचार्य या जैन गणितीने 'गणितसारसंग्रह' लिहिला. नुसत्या गणितावरचा ग्रंथ, त्यात ग्रहताऱ्यांचा पसारा नाही. त्यातलं हे: तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. पहिला म्हणतो, ही मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या मिळून पैशांच्या दुप्पट माझ्याकडे होतील. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तिप्पट. तिसरा, पाचपट. कोणाकडे किती, आणि थैलीत किती?

तिने शाळेतल्याप्रमाणे तिघांसाठी क्ष, य वगैरे मांडले, आणि थैलीसाठी अजून एक अक्षर. तीन ओळी, चार अज्ञातं. "सुटणार नाही आजी, एक ओळ कमी आहे." बरोबरच होतं तिचं. शाळेच्या रीतीने बघितलं तर ओळ कमीच आहे. मी काही बोलले नाही. शिकवताना गप्प राहणं हेच सगळ्यांत अवघड, कारण उत्तर माहीत असलेल्या माणसाच्या जिभेला खाज सुटते. तिने आकडे घालून बघितले, खोडले, दगडावर कोळशाने लिहिलं. मध्ये उठून नदीत पाय बुडवून आली.

मग एकच विचारलं: पहिल्याला थैली मिळाली, तर वाटेवर एकूण पैसे किती? दुसऱ्याला मिळाली तर?

"तेवढेच की. थैली बाहेर कुठं जाते?" म्हणाली, आणि थांबली.

पहिल्याकडे दोघांच्या दुप्पट, म्हणजे एकूण पैसे त्या दोघांच्या तिप्पट. दुसऱ्याच्या बोलण्यावरून एकूण बाकीच्या दोघांच्या चौपट. तिसऱ्याच्या, सहापट. एकूण असा आकडा हवा की तीन, चार आणि सहा, तिन्हींनी भाग जाईल. तिने बारा घेतले, तर जोड्या चार, तीन आणि दोन आल्या. तिघांची बेरीज साडेचार. "अर्धा पैसा नको." चोवीस घेतले. जोड्या आठ, सहा, चार. तिघांचे मिळून नऊ. नवातून आठ गेले, पहिल्याचा एक. सहा गेले, दुसऱ्याचे तीन. चार गेले, तिसऱ्याचे पाच. थैलीत उरले पंधरा.

पडताळा तिने मोठ्याने केला: एक आणि पंधरा सोळा, आठाची दुप्पट. तीन आणि पंधरा अठरा, सहाची तिप्पट. पाच आणि पंधरा वीस, चाराची पाचपट. शेजारी धोतर पिळणारे गृहस्थ वळून बघायला लागले. आणि जी ओळ कमी होती, तिचं काय, ते तिनेच सांगितलं: चोवीसच्या जागी अठ्ठेचाळीस घेतले तरी जमतं, सगळं दुप्पट होतं. उत्तर एक नाही, पण प्रमाण एकच आहे.

१ डिसेंबर, सोमवार

एकादशी. साबुदाणा, भगर. ती शाळेतून दमून आली, कोडं नको म्हणाली. बरं केलं.

२ डिसेंबर, मंगळवार

सप्ताहाच्या वाटणीचा तिला प्रश्न पडला. बावन्न अध्याय सात दिवसांत, म्हणजे रोज सात-आठ यायला हवेत. प्रत्यक्षात दादाचा हिशेब ९, १२, ८, ६, ३, ५, ९. आज तीनच कसे? दादा हसला. आजच्या तिनांत छत्तिसावा आहे, आचारधर्माचा, ओव्याच ओव्या. वाटणी करणाऱ्याने अध्याय मोजले नाहीत, वाचणाऱ्याचा घसा मोजला.

संध्याकाळी ६१७४ चं कारण काढायला बसलो. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले की वजाबाकीत फक्त दोन गोष्टी उरतात: बाहेरच्या दोन अंकांमधला फरक आणि आतल्या दोन अंकांमधला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा, आलं उत्तर. २०२५ मध्ये बाहेरचा फरक पाच, आतला शून्य, म्हणून ४९९५. आतला फरक बाहेरच्याहून मोठा होऊच शकत नाही. बाहेरचा एक असेल तर आतल्याला दोन वाटा, दोन असेल तर तीन, असं नऊपर्यंत. सगळ्या मिळून ५४.

तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ दारांतून आत शिरतात. ५४ तर हाताने तपासता येतात! तिने तीस घेतल्या, मी वीस, उरलेल्या चार दादाने, चष्मा पुसत. सगळ्या पोचल्या. कुठल्याही संख्येला सातांहून जास्त पायऱ्या लागत नाहीत.

कारण कळलं की मजा जाते असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा. शनिवारी ६१७४ आला तेव्हा ती हसली होती. आज तिने वही मिटली नाही, जेवताना मांडीवरच ठेवली. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, सगळ्यांचा शेवट एकच, हे मी केव्हापासून सांगतोय.

३ डिसेंबर, बुधवार

थोडंच. महावीराचार्यांना माळेसारख्या संख्यांची हौस होती. १३९ गुणिले १०९, १५१५१. १५२२०७ गुणिले ७३, आठ एक्के. २७९९४६८१ गुणिले ४४१ करायला तिला दिलं, उत्तर १२३४५६५४३२१. चढत जाऊन उतरणारी. मग ११, १११, ११११ यांचे वर्ग करायला सांगितले: १२१, १२३२१, १२३४३२१. सहा एक्क्यांचा वर्ग म्हणजे वरचीच संख्या. या पायऱ्या कापरेकरांनीही अभ्यासल्या आणि त्यांना डेमलो संख्या म्हटलं. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनचं ते नाव, तिथे त्यांना कल्पना सुचली. मळखेडचा दरबार आणि आगगाडीचा फलाट यांच्यामध्ये अकराशे वर्षं आहेत. तिला फलाटाचं जास्त आवडलं. "गाणगापूर रोड स्टेशनवर पण सुचेल की काही."

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

रस्त्याला पाय ठेवायला जागा नाही. दादाची समाप्ती झाली, मठात दर्शनाची रांग लांबच लांब. ती शाळा बुडवून घरीच.

आजच्यासाठी एक राखून ठेवलं होतं. ज्या संख्येचा वर्ग तोडला की तुकडेही वर्गच निघतात, अशा संख्यांना कापरेकरांनी दत्तात्रेय संख्या म्हटलं. १३ चा वर्ग १६९, तुकडे १६ आणि ९. ५७ चा ३२४९, तुकडे ३२४ आणि ९. १६०२ चा २५६६४०४, तुकडे २५६, ६४ आणि ०४, तिन्ही वर्ग.

तिने आधी ४५ बघितला. २०२५ चे तुकडे पडत नाहीत. नंतर ७ सापडला (४, ९), मग १२: १४४, एक, चार, चार. "तीन तोंडं!" उलटा २१ पण चालतो, ४४१. १२० ही चालेल म्हणाली आणि लगेच खोडलं: नुसतं शून्य लावणं ही फसवणूक आहे. शून्य मध्ये घातलं, १०२: १०४०४. १००२: १००४००४.

आता हे कितीही लांबवता येतं, हे तिला दिसलं, पण का, ते मी विचारलं. आठवीच्या पुस्तकातलं बेरजेच्या वर्गाचं सूत्र तिने लिहिलं: पहिल्याचा वर्ग, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट, दुसऱ्याचा वर्ग. कडेचे दोन तुकडे तर वर्ग असतातच. अडचण फक्त मधल्या दुपटीची. १००३ मध्ये मधला सहा येतो, म्हणून नाही. मध्ये वर्ग यायला हवा तर शेवटी २ किंवा ८ किंवा १८. १००८ चा वर्ग केला: १०१६०६४. मी न सांगता १०१८ चाही: १०३६३२४. एक, छत्तीस, तीनशे चोवीस.

मग मागे जाऊन १६०२ ला गोल केला. सोळा आणि दोन, दुप्पट चौसष्ट. "हे पण तेच आहे की आजी. मास्तरांनी असंच काढलं असणार."

निघायच्या आधी चार किंवा पाच तुकडे पडतील काय, असं विचारत होती. तिच्या वहीत ४०२०४ लिहून दिलं, वर्ग करून दिला नाही.